तापलेला लॅपटॉप आणि तांब्याचा तुकडा

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' असं आमच्या जिल्ह्यात मोठ्या ऐटीत म्हणतात. बाकी कशात असो-नसो, मे महिन्यातल्या उन्हात तरी आम्ही जर्मनीच्या कितीतरी पुढे आहोत! मी जिंतूरचा. आमच्याकडे मे मध्ये पारा ४२-४३ वर गेला तर ती बातमी होत नाही. पत्र्याच्या खोलीत रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला की चटका बसतो. अशा खोलीत गादीवर लॅपटॉप ठेवून कोणी अन्सिस चालवतो, कोणी ब्लेंडरमध्ये रेंडर लावून झोपी जातो, आणि कोणी काय चालवतो ते रेक्टर सरांनाही ठाऊक आहे. मग सकाळी लॅपटॉप बंद पडला की आपण कंपनीला शिव्या घालतो.

मित्रहो, हा लेख त्या तापलेल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या दोन पंथ आहेत. एक पंथ म्हणतो, लॅपटॉपला हात लावू नका, वॉरंटी जाईल. दुसरा पंथ यूट्यूब बघून थेट तांब्याचा पत्रा कापायला बसतो. मला दोन्ही पटत नाहीत, आणि का पटत नाहीत ते जरा सविस्तर सांगायचं आहे.

पहिली गोष्ट. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत, जी आपण कधीच उघडत नाही, वापराचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत असं छापलेलं असतं. म्हणजे डिझाईन करणाऱ्याने आपला मे महिना धरलेलाच नाही. चिपचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिपचे वॅट गुणिले वाटेतला उष्णतेचा रोध. ओहमचाच नियम, फक्त व्होल्टेजच्या जागी तापमान आणि करंटच्या जागी वॅट. २५ अंशांच्या एसी लॅबमध्ये जो चिप ७५ वर आरामात बसतो, तोच जिंतूरच्या ४२ अंशांत ९२ वर जातो. चिप तोच, गेम तोच, फक्त गाव वेगळं. आजचे ग्राफिक्स चिप ८५-९० अंशांच्या घरात पोचले की स्वतःच वेग कमी करतात, म्हणून जळत नाहीत. पण मग तुम्ही पैसे दिले एका वेगाचे आणि उन्हाळाभर वापरता दुसऱ्याच.

आता हा तांब्याचा पंथ निघाला कुठून? त्यामागे एक खरी गोष्ट आहे आणि ती आपल्या मटेरियल सायन्सच्या पेपरात यायला हवी. २ जुलै २००८ रोजी एन्व्हिडिया कंपनीने जाहीर केलं की त्यांच्या काही लॅपटॉप चिपमध्ये पॅकेजिंगचं मटेरियल कमजोर निघालं आहे, आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. दोष चिपच्या डिझाईनमध्ये नव्हता. चिप आणि खालची हिरवी पट्टी यांना जोडणारे सोल्डरचे बारीक मणी असतात, त्यांत होता. सिलिकॉन एका अंशाला दहा लाखात जेमतेम तीन भाग प्रसरण पावतं, खालची पट्टी पंधरा-सतरा. लॅपटॉप चालू केला की दोघं वेगवेगळ्या मापाने ताणले जातात, बंद केला की आखडतात. दिवसातून पाच वेळा, वर्षभर. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते ना, तेच. मण्याला बारीक चीर जाते आणि एक दिवस स्क्रीनवर उभ्या रेघा येतात.

कंपन्यांनी तेव्हा काही मॉडेलची वॉरंटी वाढवली, बायॉस अपडेट देऊन फॅन जास्त वेळ फिरता ठेवला. अमेरिकेत खटला होऊन २०१० साली तडजोडही झाली. पण आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात ते लॅपटॉप पुढे कित्येक वर्षं फिरत होते. रिपेअरवाले हॉट एअर गनने चिप शेकून द्यायचे. लॅपटॉप महिना-दोन महिने चालायचा आणि पुन्हा मरायचा, कारण शेकल्याने चीर तेवढ्यापुरती टेकते, भरून येत नाही. आजही कोणी 'चिप भाजून देतो, पक्कं काम' म्हणाला तर लॅपटॉप उचला आणि घरी या.

त्या काळात एचपीच्या डीव्ही सिरीजसारख्या मशीनमध्ये ग्राफिक्स चिप आणि हीटसिंक यांच्यात चांगली जाड थर्मल पॅड असायची. लोकांनी ती काढून तिथे तांब्याची चकती बसवली. हिला शिम म्हणतात. आकडे मांडले की यामागचं शहाणपण कळतं. चिप १४ मिमी बाजूचा, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ २ चौ. सेंमी. पॅड १ मिमी जाड, तिची वाहकता ३ वॅट प्रति मीटर-केल्विन. चिप २० वॅटचा. भागाकार केला तर नुसत्या पॅडच्या दोन बाजूंत ३३ अंशांचा फरक पडतो! तांब्याची वाहकता ४००. तेवढ्याच जाडीच्या तांब्यात फरक पाव अंश. वर आणि खाली पेस्टचा पातळ थर लागतो, त्याचा साधारण एकेक अंश धरा. म्हणजे ३३ च्या जागी सव्वादोन. प्रत्यक्षात इतका फायदा होत नाही, कारण पॅड दाबली जाऊन पातळ झालेली असते आणि थोडी उष्णता बोर्डातूनही जाते. पण हिशोबाची दिशा बरोबर आहे.

मी गेल्या उन्हाळ्यात जिंतूरला असताना असा एक जुना लॅपटॉप हातात घेतला होता. तांबं आणायला भांड्यांच्या दुकानात गेलो. मोडीत आलेल्या तांब्याच्या घागरीचा एक तुकडा मागितला तर दुकानदार मामांनी चष्म्यावरून बघितलं. "काय करायलास रे याचं? ताईत?" मी म्हटलं, कॉम्प्युटरला लावायचाय. ते म्हणाले, "मग ताईतच की!" असो. तुकडा फुकट मिळाला. तो पाट्यावर घासून सपाट करायला मात्र एक अख्खी दुपार गेली. जाता जाता सांगतो, पितळ चालत नाही. दिसायला भाऊ-भाऊ, पण पितळेची वाहकता तांब्याच्या पाव-तिसऱ्या हिश्श्याएवढीच.

आणि इथेच माझा दुसऱ्या पंथाशी वाद आहे. त्या लॅपटॉपमध्ये तांबं घालण्याआधी मी फॅन काढला, तर फॅन आणि हीटसिंकच्या पट्ट्या यांच्यामध्ये नमदा बसलेला! गादीचा कापूस, धूळ, केस, सगळं दाबून घट्ट झालेलं. बाहेरून ब्लोअर मारून तो निघत नाही, फॅन सोडवावाच लागतो. तो नमदा काढला आणि वाळून खडू झालेली पेस्ट बदलली, तेवढ्यानेच पूर्ण लोडवरचं तापमान ९४ वरून ८३ वर आलं. तांब्याने पुढे आणखी नऊ अंश उतरवले, हे कबूल. पण अर्ध्याहून जास्त काम एका जुन्या टूथब्रशने केलं होतं.

शिवाय आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिपवर ती जाड पॅड नसतेच. हीट पाईपची तांब्याची पाटी पेस्ट लावून थेट चिपवर बसते. तिथे शिम घालायला जागाच नाही. जबरदस्तीने घातला तर बाजूच्या मेमरी चिपवरचा दाब जातो आणि त्या उपाशी तापतात. पॅड दाबली जाते, तांबं दाबलं जात नाही, हा यातला मुख्य धोका. जाडी थोडी जास्त झाली आणि स्क्रू आवळला की उघड्या सिलिकॉनचा कोपरा टिचतो. कमी झाली तर मध्ये हवा राहते, आणि हवेची वाहकता ०.०२६ आहे! म्हणून आधी फट मोजायची. लहान मुलांच्या क्लेची गोळी ठेवून हीटसिंक हलकेच बसवायचा, काढायचा आणि चपट्या गोळीची जाडी व्हर्नियरने घ्यायची. मेमरीवरच्या पॅड जिथल्या तिथे ठेवायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बंधूंनी परवा कात्रीने कापलेला वाकडा तुकडा अंदाजाने बसवला. त्यांना मी एवढंच विचारलं की फर्स्ट इयरला व्हर्नियरचं प्रॅक्टिकल काय मार्कांपुरतं केलं होतं का?

तीच गत लिक्विड मेटलची. त्यात गॅलियम असतं आणि ते ॲल्युमिनियमला खातं. शिवाय वीज वाहून नेतं, म्हणजे थेंब सांडला की शॉर्ट. हॉस्टेलच्या टेबलावर हा उद्योग नको. टूथपेस्ट लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ती दोन दिवसांत वाळते, फक्त वास चांगला येतो.

स्क्रूड्रायव्हर न लागणारे उपायही आहेत. चिपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तेवढ्याच क्लॉकवर व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर पॉवर १९ टक्के उतरते. बऱ्याच ग्राफिक्स कार्डात हे सॉफ्टवेअरने जमतं. स्क्रीन ६० हर्ट्झचा असताना गेमला १४० फ्रेम काढायला लावणं म्हणजे रिकाम्या एसटीला शंभरदा जिंतूर-परभणी पळवणं. ६० ची मर्यादा घाला. आणि लॅपटॉप गादीवरून उचला! खालच्या जाळीतून तो श्वास घेतो. दोन डस्टर खाली ठेवले तरी पुरे.

आता पहिला पंथ, म्हणजे 'हात लावू नका' वाले. यात काही शिक्षकही आहेत, म्हणून जरा नम्रपणे लिहितो. वॉरंटी चालू आहे तोवर उघडू नका हे मलाही मान्य आहे. पण आपल्यापैकी कितीजणांचे लॅपटॉप वॉरंटीत आहेत? माझ्या वर्गातल्या एकाचा लॅपटॉप तिसऱ्या वर्षी बंद पडला. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड बदलायचा आकडा सांगितला. त्याच्या वडिलांनी तो फोनवर ऐकला आणि लगेच सोयाबीनमध्ये मोजला. सहा क्विंटल. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, फक्त "बघू" म्हणाले. मुलाने प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर रात्री बारानंतर केला. तीन वर्षांत एकदा फॅन साफ झाला असता तर तो बोर्ड वाचला असताच, असा दावा मी करणार नाही. पण तीन वर्षांत तो एकदाही उघडला गेला नव्हता, आणि त्याच्या मालकाला हीट ट्रान्सफरमध्ये ७८ मार्क होते!

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं. म्हणजे वस्तू दुरुस्त करता येणं हा ग्राहकाचा हक्क आहे, ही भाषा आता दिल्लीतही बोलली जाते. मग इंजिनियरिंग कॉलेजात ती का बोलली जाऊ नये?

उष्णता बाहेर काढणं हे काही हलकं काम नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म हा सी-डॅकचा सुपरकॉम्प्युटर घ्या. त्याच्या प्रोसेसरवर पाट्या बसवून त्यांतून द्रव खेळवतात आणि तो उष्णता घेऊन बाहेर जातो. हवेचा भरवसा नाही म्हणून. तिथे ज्याला इंजिनियरिंग म्हणतात, त्याला आपल्या हॉस्टेलमध्ये 'उद्योग' म्हणतात, एवढाच फरक.

माझं मागणं फार मोठं नाही. मेकॅनिकलच्या लॅबमध्ये महिन्यातून एक शनिवार एक टेबल द्या. एक चांगला स्क्रूड्रायव्हर सेट, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, दोन ट्यूब पेस्ट, अर्थिंगचा पट्टा आणि व्हर्नियर, तो आपल्याकडे आहेच. सोबत एक लॅब असिस्टंट. ज्याला लॅपटॉप उघडायचा आहे त्याने तिथे यायचं, आधी बॅटरीची पिन काढायची, मशीनचं चित्र कागदावर काढून जो स्क्रू जिथला तो तिथेच टेपने चिकटवायचा, फॅन साफ करायचा, ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट लावायची, आणि आधीचं-नंतरचं तापमान वहीत लिहायचं. वर्षभरात ती वही एखाद्या बीई प्रोजेक्टपेक्षा जास्त उपयोगाची होईल, पैज लावा.

आणि दुसरं मागणं रेक्टर सरांकडे. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत रीडिंग रूममध्ये दोन डेझर्ट कूलर लावायला परवानगी द्या. आमच्या कोरड्या हवेत कूलर खोलीचं तापमान दहा अंशांनी सहज उतरवतो. वरच्या हिशोबात खोलीचं तापमान जसंच्या तसं चिपमध्ये जातं, तेव्हा खोलीत कमी झालेले दहा अंश प्रत्येकाच्या चिपमध्येही कमी होतील. चाळीस लॅपटॉप उघडून चाळीस चकत्या बसवण्यापेक्षा हे स्वस्त आहे. वीजबिलाचं म्हणाल तर दोन कूलर मिळून मेसमधल्या एका गीझरइतकीही वीज घेत नाहीत. आणि तो गीझर मे महिन्यातही चालू असतो!