रॅम महागलीये! मग प्रोग्रॅमलाच कोटा ठरवून दिला तर?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा रॅम आणि एसएसडीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कारण एआय डेटा सेंटर्सची भूक. जगातली बहुतांश डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि तिघींचाही ओढा आता एआय चिप्सना लागणाऱ्या एचबीएम मेमरीकडे आहे. त्यामुळे "लॅपटॉप हँग होतोय? ८ जीबी वाढव की" हा सल्ला खिशाला जड झालाय.

तुम्ही लिनक्स वापरत असाल तर एक फुकटचा उपाय आहे. एखादा प्रोग्रॅम किती मेमरी खाईल, हे कमांड लाइनवरून ठरवता येतं.

पण याची गरज का पडते?

रॅम संपली की लिनक्सचा 'ओओएम किलर' जागा होतो आणि कुठला तरी प्रोग्रॅम मारून जागा मोकळी करतो. ढोबळमानाने ज्याने सगळ्यात जास्त मेमरी घेतलीये तो आधी जातो. म्हणजे मागे फुगत जाणारी पायथन स्क्रिप्ट वाचते आणि अर्ध्या भरलेल्या परीक्षेच्या फॉर्मसकट ब्राउझरचा टॅब उडतो, असंही होऊ शकतं. त्याआधी स्वॅपमुळे माउससुद्धा हलत नाही, ते वेगळंच.

यावरचा जुना उपाय म्हणजे 'यूलिमिट'. त्याचा 'व्ही' पर्याय आकडा केबीमध्ये घेतो. २ जीबी हवे असतील तर २०९७१५२ लिहायचं. गोची अशी की तो प्रत्यक्ष वापर मोजत नाही, प्रोग्रॅमने राखून ठेवलेली जागा मोजतो. लग्नात ताटं किती सांगितली ते मोजायचं, जेवून कितीजण उठले ते नाही! क्रोम, जावा अशी मंडळी भरमसाठ जागा आधीच राखून ठेवतात, त्यामुळे या मर्यादेत ती सुरूच होत नाहीत. शिवाय ही मर्यादा प्रत्येक प्रोसेसला वेगळी. दहा प्रोसेस उघडल्या तर दहापट मोकळीक.

खरा उपाय 'सीग्रुप्स'. गुगलच्या इंजिनिअर्सनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि २००८ मध्ये ते लिनक्स कर्नलमध्ये आलं. डॉकर आणि कुबरनेटीस आजही याच्याच जोरावर कंटेनरला मेमरी वाटून देतात. घरच्या मशीनवर 'सिस्टमडी-रन' या कमांडला 'यूजर' आणि 'स्कोप' हे पर्याय द्या, 'मेमरीमॅक्स' २ जीबी ठेवा आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव लिहा. त्याच्या पोटातल्या सगळ्या प्रोसेस मिळून तेवढ्यातच भागवतील. 'मेमरीस्वॅपमॅक्स' शून्य केलं की स्वॅपची पळवाटही बंद. उबुंटूच्या २१.१० नंतरच्या आवृत्त्यांमध्ये यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही.

यामुळे प्रोग्रॅमची भूक कमी होत नाही, हे मात्र ध्यानात घ्या. साध्या चॅट ॲपमध्ये अख्खं ब्राउझर इंजिन कोंबणाऱ्या कंपन्यांचा पसारा आपण आवरायचा, हा उफराटाच न्याय आहे. मर्यादा ओलांडली आणि मोकळं करण्यासारखं काही उरलं नाही, तर ओओएम किलर येतोच, फक्त आता त्याच गटातलं कुणीतरी मरतं. एकदम मारायचं नसेल तर 'मेमरीहाय' थोडं खाली ठेवा. तिथे पोहोचल्यावर प्रोग्रॅम आधी मंदावतो, आणि तुम्हाला फाइल सेव्ह करायला वेळ मिळतो.