म्हाताऱ्या बैलाला उन्हाळ्यात काय घालायचं? मुरघासाचा पर्याय समजून घ्या

जोहे म्हटलं की गणेशमूर्ती आठवतात. पण पेण-रोह्याचा हा पट्टा भातशेतीचाही आहे. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे काम थांबलेला बैल पोसायचा खर्च शेतकऱ्यावरच. उन्हाळ्यात हाताशी असतो भाताचा पेंढा. त्याने पोट भरतं, पण प्रथिनं फार कमी मिळतात.

यावर उपाय मुरघास. तो बहुतेकदा मक्याचा करतात. मका नसेल तर संकरित नेपिअर गवतही चालतं. गवत थोडं सुकवून कुट्टी करायची, साखर कमी म्हणून गूळपाणी शिंपडायचं, पिशवीत दाबून हवाबंद ठेवायचं. साधारण ४५ दिवसांत तयार.

कोकणात खरी अडचण पावसाची: कुट्टी जास्त ओली असेल तर मुरघास सडतो. म्हणून कापणी उघडीप बघूनच करायची.