पेरुंगुडीच्या गृहबाजाराचे भवितव्य पाणथळीच्या सीमारेषेवर

चेन्नई : व्याजदर, मेट्रो आणि रोजगार या तिन्ही बाबी दक्षिण चेन्नईतील पेरुंगुडीच्या गृहबाजाराला अनुकूल आहेत. तरीही या बाजाराची पुढील दिशा मुख्यत्वे पल्लीकरणाई पाणथळीची संरक्षक सीमा कोठे आखली जाते, यावरच ठरण्याची चिन्हे आहेत.

जुन्या महाबलीपुरम मार्गावरील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे गेल्या अडीच दशकांत पेरुंगुडीचा कायापालट झाला. 2011 मध्ये हा भाग चेन्नई महापालिकेत समाविष्ट झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी दिलेल्या 63,246 कोटी रुपयांच्या मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील माधवरम ते सिपकॉट ही मार्गिका पेरुंगुडीतून जाते. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर 6.50 टक्क्यांवरून 5.25 टक्क्यांवर आणल्याने गृहकर्जाचा भारही हलका झाला.

मात्र याच भागाला लागून असलेली पल्लीकरणाई पाणथळ दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे पाणी सामावून घेते. ते पाणी पुढे ओक्कियम मडुवूमार्गे बकिंगहॅम कालव्यात आणि तेथून कोवलम खाडीकडे जाते. रस्ते, वसाहती, कार्यालये आणि पेरुंगुडीची कचराभूमी यांनी या पाणथळीचा मोठा भाग गिळंकृत केला. परिणामी डिसेंबर 2015 मधील महापुरात आणि डिसेंबर 2023 मधील मिचाँग चक्रीवादळावेळी या परिसरातील वसाहती पाण्याखाली गेल्या. दुसरीकडे, 2019 च्या उन्हाळ्यात याच पट्ट्यातील गृहसंकुलांना टँकरच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली.

पाणथळीच्या सुमारे 1,248 हेक्टर क्षेत्राला 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण विभागीय खंडपीठाने प्रभावक्षेत्र शास्त्रीय पद्धतीने निश्चित होईपर्यंत रामसर क्षेत्रात आणि त्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या परिघात बांधकाम परवानगी देऊ नये, असा आदेश दिला. पाठोपाठ मद्रास उच्च न्यायालयाने पेरुंबक्कम येथील एका मोठ्या गृहप्रकल्पाच्या कामाला अंतरिम स्थगिती दिली.

या घडामोडींचे परिणाम दुहेरी आहेत. नव्या परवानग्या रखडल्यास पुरवठा आटतो आणि बांधून तयार असलेल्या घरांना अल्पकाळ अधिक भाव मिळू शकतो. परंतु सखल भागातील घरे विकणे आणि त्यांवर कर्ज मिळवणे कठीण होऊ शकते. सर्वाधिक झळ बसते ती अर्धवट प्रकल्पात आयुष्यभराची बचत गुंतवून घरभाडे आणि कर्जाचा हप्ता अशा दोन्ही आघाड्यांवर लढणाऱ्या कुटुंबांना. प्राधिकरणाची परवानगी हाच सुरक्षिततेचा पुरावा मानून त्यांनी व्यवहार केलेला असतो.

हा प्रश्न केवळ चेन्नईपुरता मर्यादित नाही. मिठी नदीकाठच्या मुंबईकरांनी 26 जुलै 2005 रोजी आणि पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीने जुलै 2024 मध्ये हाच अनुभव घेतला. पूररेषा किंवा पाणथळीची हद्द वसाहत उभी राहण्यापूर्वी स्पष्ट झाली, तर नुकसान जमिनीच्या किमतीपुरते राहते. ती नंतर आखली गेली, तर त्याची किंमत रहिवाशांनाच मोजावी लागते.

त्यामुळे पेरुंगुडीतील खरेदीदारांनी मेट्रो स्थानकाच्या अंतराइतकेच भूखंडाचे पाणथळीपासूनचे अंतर, 2015 आणि 2023 मधील पाण्याची पातळी आणि परवानगीची तारीख तपासणे हिताचे ठरेल. शासनासाठी विश्वासार्ह आणि सर्वांना पाहता येईल असा सीमा नकाशा हीच बाजार सावरण्याची पहिली अट आहे.