राणीचा पोशाख, की खेड्याचे वेदीवस्त्र?

इंग्लंडच्या वेल्सलगतच्या हेरफर्डशर परगण्यात बॅक्टन नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथील सेंट फेथ चर्चच्या भिंतीवर १९०९ पासून एक जुने वेदीवस्त्र काचेच्या चौकटीत टांगलेले होते. चांदीची तार गुंफून विणलेले फिकट रेशीम आणि त्यावर रंगीत धाग्यांनी भरलेली फुले. वस्त्रांच्या एका अभ्यासक महिलेने ते बारकाईने पाहिले, तेव्हा कापणीच्या आणि शिवणींच्या खुणा काही वेगळेच सांगू लागल्या. हे कापड मुळात वेदीसाठी विणलेले नव्हते. तो कुणाच्या तरी पोशाखाचा भाग होता, आणि ती व्यक्ती बहुधा पहिली एलिझाबेथ राणी होती.

२०१९ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात ते प्रदर्शित झाले, ते ‘एलिझाबेथचा हरवलेला पोशाख’ म्हणून. मतभेदाची जागा या ‘हरवलेला’ शब्दात आहे. हरवलेला कुणासाठी? बॅक्टनच्या गावकऱ्यांना ते वस्त्र कोठे आहे हे ठाऊक होते. राणीची आयुष्यभराची सेविका ब्लांश पॅरी याच गावची; तिचे स्मारक याच चर्चमध्ये आहे आणि त्यात राणीचीही मूर्ती कोरलेली आहे. वस्त्राचा ब्लांशशी संबंध जोडणारी आख्यायिका गावात आधीपासून होती. विद्वानांनी तिला दुजोरा दिला, एवढेच.

अर्थात तो राणीचाच पोशाख होता असे सांगणारा एकही कागद हाती नाही. परंतु अनुमान भक्कम आहे. चांदीच्या तारेचे कापड वापरण्याची मुभा त्या काळच्या वेशनियमांनुसार समाजाच्या अगदी वरच्या थरालाच होती. हॅटफिल्ड हाउसमधील राणीच्या ‘रेनबो पोर्ट्रेट’मधील चोळीवरची फुलेही याच वळणाची आहेत. भरतकामात भारतातून आलेल्या निळीचा रंगही आढळला आहे.

पोशाख वेदीवर कसा पोहोचला, हे समजण्यासाठी त्याआधीचे अर्धशतक पाहावे लागते. मध्ययुगात इंग्लंडचे भरतकाम ‘ओपस अँग्लिकानम’ या नावाने युरोपभर मिरवत होते. १२९५ च्या पोपच्या खजिन्याच्या यादीतही त्याचे अनेक नमुने नोंदलेले आहेत. धर्मसुधारणेने हे वैभव संपवले. १५५० मध्ये दगडी वेद्या काढून लाकडी मेजे मांडण्याचा हुकूम निघाला. १५५२-५३ मध्ये सहाव्या एडवर्डच्या अधिकाऱ्यांनी चर्चमागून चर्चची यादी केली आणि प्रभुभोजनापुरता प्याला व मेजावर घालायचे कापड, असे जुजबी सोडून मौल्यवान ते बहुतेक उचलले. धर्मगुरूंचे भरजरी झगे श्रीमंतांच्या घरी गेले. हार्डविक हॉलमध्ये आजही पेनेलपी, ल्युक्रीशिया अशा प्राचीन स्त्रियांचे भव्य भिंतपट आहेत. ते अशाच झग्यांच्या तुकड्यांतून १५७० च्या दशकात जोडलेले आहेत. पूजेचे कापड दिवाणखान्यात गेले, ते असे.

बॅक्टनचा प्रवास नेमका उलटा आहे, म्हणूनच तो मोलाचा. एलिझाबेथच्या राजवटीत मेज उघडे ठेवण्यास मनाई होती: १५६६ च्या नियमावलीने आणि पुढे १६०४ च्या धर्मनियमांनी त्यावर रेशमी किंवा अन्य साजेसे आच्छादन घालणे बंधनकारक केले. जे चर्च पन्नास वर्षांपूर्वी कायद्यानेच लुटले गेले होते, त्याला आता कायद्यानेच कापड हवे होते. गरीब खेड्याने रेशीम आणावे कोठून? दरबारातून उतरलेले वस्त्र कामी आले. ब्लांश १५९० मध्येच वारली आणि कापड त्यानंतरचे दिसते. तेव्हा ते तिच्या स्मरणार्थ धाडले गेले असावे, असा तर्क केला जातो.

राणीचा पोशाख कापला गेला याबद्दल हळहळणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की न कापलेले उरलेच नाहीत. तिची वस्त्रे बक्षीस दिली गेली, उसवून पुन्हा शिवली गेली. राजेशाही उलथल्यावर १६४९ नंतर राजघराण्याची चीजवस्तूही विक्रीस निघाली. कात्री चालली म्हणूनच बॅक्टनचा तुकडा वाचला. त्याला केवळ ‘पोशाखाचा अवशेष’ म्हणणे म्हणजे ज्यांनी तो शतकानुशतके सांभाळला त्यांना इतिहासातून वगळणे. संग्रहालयाच्या फलकावर वेदीवस्त्र हा शब्द आधी यायला हवा, राणीचे नाव नंतर.

कापडावरच याचा एक पुरावा आहे. व्यावसायिक कारागिरांनी भरलेल्या फुलांच्या मधल्या मोकळ्या जागांत पुढे दुसऱ्याच हातांनी भर घातली आहे: सुरवंट, फुलपाखरे, बेडूक, अस्वल, छोट्या होड्या. टाके इतके सफाईदार नाहीत. होडी तर फुलापेक्षाही लहान आहे.