‘गोळी घेतली का?’

भंडारा जिल्ह्यात रोवणीला आरंभ होतो, तेव्हाही दूर पुण्याहून येणाऱ्या फोनवर वृद्ध पित्यास दोनच प्रश्न असतात: ‘बाबा, जेवलात का? गोळी घेतली का?’ प्रश्नांत माया आहे, हे मान्य. परंतु ती माणसाला हळूहळू निव्वळ रुग्ण करून टाकते. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या मालगुजारी तलावाचे पाणी आधी कोणाच्या बांधीत जात असे, पऱ्हे कधी उपटावे, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते कोणी विचारीत नाही. आपण शुश्रूषा करीत असाल, तर आज विचारून पाहावे. (आणि आजोबा, कोणी विचारले नाही, तरी आपण सांगावे!) उत्तर लांबेल, विषय भरकटेल, ताटातले वरण निवेल. निवू द्यावे; गोळी जेवणानंतरचीच आहे.