आत पन्नास, बाहेर तीन हजार

वस्तू पारखून घ्यावी, असं आमचे वाडवडील सांगून गेले. नारळ कानाशी हलवावा, मडकं टिचकी मारून बघावं, नोट उजेडासमोर धरावी. यातलं नोटेचं खातं पुढे नोकरीनं माझ्याकडे दिलं. पण हल्ली बाजारात अशा काही वस्तू आल्या आहेत, की त्या हलवून कळत नाहीत आणि उजेडात धरूनही कळत नाहीत. त्यांच्या खोक्यावर नुसते आकडे असतात. आणि छापील आकडा दिसला, की आपण देवळासमोरून गेल्यासारखे हात जोडतो.

स्पीकरचंच बघा. समजा, खोक्यावर ठळक छापलंय, '३००० वॅट पी.एम.पी.ओ.' माझी सवय वाईट. मी खोकं उलटं करतो. मागे मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं : वीज लागते ५० वॅट. आत पन्नास, बाहेर तीन हजार! आमच्या कॅशियरची पेटी संध्याकाळी अशी जुळली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्शन लागेल. हे पी.एम.पी.ओ. म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आतला उच्चांक. तो कसा मोजायचा, याचं सर्वमान्य प्रमाणच नाही. ज्याला जेवढे सुचतील तेवढे वॅट. खरा आकडा 'आर.एम.एस.'चा, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं त्या ताकदीचा. आणि तोही दुप्पट झाला म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतो, एवढंच. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात.

हेडफोनवर लिहितात, '४०,००० हर्ट्झपर्यंत'. माणसाचा तरणाबांड कान २०,००० पर्यंत ऐकतो. चाळिशीनंतर तेवढंही नाही. हळूहळू वरचा मजला रिकामा होतो. उरलेले वीस हजार वटवाघळासाठी. घरात वटवाघूळ असेल तर अवश्य घ्या.

स्वस्त मोबाइलची तीच कथा. '८ जी.बी. रॅम' म्हणतात. बारीक अक्षरं वाचली, तर चार खरी आणि चार साठवणीच्या जागेतून उसनी आणलेली. आमच्याकडे याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात आणि तो शिल्लक म्हणून पासबुकात मांडला, तर नोकरी जाते. कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा. पण नेहमीचा फोटो चार-चार ठिपक्यांचा एक करून साडेबाराचाच निघतो. शेजारी दोन मेगापिक्सेलचं एक भिंग असतं, ते वरातीतल्या रिकाम्या घोड्यासारखं शोभेचं. वर 'बिनव्याजी हप्ता'! शून्य टक्के व्याज अशी चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ साली बँकांना लेखी बजावलं आहे. व्याज असतंच, फक्त किमतीच्या पदराखाली लपलेलं.

तुम्ही म्हणाल, अहो, स्वस्त मालाकडून आणखी काय अपेक्षा ठेवता? आमचे शेजारीही हेच म्हणतात. "गरिबाला फोन मिळतोय ना? मग तुमचं काय जातं?"

माझं काही जात नाही. ज्यांचं जातं, त्या माझ्या खिडकीसमोर उभ्या असतात. चार घरी पोळ्या लाटणाऱ्या एक बाई आहेत. हप्त्यानं घेतलेला फोन, हप्ते अजून चार बाकी. फोनात जागा उरली नाही, म्हणून बँकेचं ॲप नवं होत नाही. नवं होत नाही, म्हणून उघडत नाही. मग दोन घरचं काम बुडवून बाई खात्यात किती आहेत ते विचारायला येतात. वर मलाच म्हणतात, "साहेब, माझंच काहीतरी चुकलं असेल." त्यांचं काहीएक चुकलेलं नाही. त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला.

कॉमर्सच्या अभ्यासात घसारा नावाचा एक रुक्ष धडा असतो. तो इथे कामाला येतो. नऊ हजारांचा फोन दोन वर्षांत निकामी झाला, तर वर्षाला साडेचार हजार पडले. पंधरा हजारांचा पाच वर्षं चालला, तर वर्षाला तीन हजार. स्वस्त कोणता, हे आता तिसरीतला मुलगाही सांगेल. पण भागाकार करायला खाली लिहायचा आकडा, म्हणजे वर्षं, तेवढी खोक्यावर नसतात. फोन कधी बनला, तो महिना आणि वर्ष छापलेलं असतं. सुरक्षेचे अपडेट कधी बंद होणार आणि बँकेच्या कामाला तो धोक्याचा कधी ठरणार, ते मात्र नाही. जन्मतारीख आहे, आयुष्य गुलदस्त्यात.

हे अशक्य आहे म्हणावं, तर युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे, सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि बॅटरी आठशे वेळा भरून रिकामी झाल्यावरही ऐंशी टक्के तरी दमदार राहिली पाहिजे. आमची मागणी त्याहून लहान आहे. नियम पुढे करा, आधी खरं छापा. स्पीकरवर आर.एम.एस. आणि फोनवर शेवटच्या अपडेटची तारीख, दोन्ही ठळक, ज्या टायपात ३००० छापता त्याच टायपात.

तोवर मी दुकानात गेलो, की हाच एक प्रश्न विचारतो, "हा फोन जाणार कधी?" परवा काउंटरवरचा पोरगा दचकलाच. म्हणाला, "काका, नवीन वस्तू घेताना असं अशुभ बोलू नये." मी त्याला शेजारच्या बरणीतला पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दाखवला. त्याच्यावर तारीख होती.