मशीन आली, सिस्टर कुठाय?

नेरकर मित्रांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात गरोदर लेक-सून असेल तर वाचाच.

बाळंतपणात काही वाईट घडलं की आपल्याकडे दोनच मागण्या होतात. सिस्टरला सस्पेंड करा, नाहीतर मशीन द्या. मशीन म्हणजे पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ काढणारी. मग कुणीतरी पुढारी मशीन देतो, फीत कापतो, आम्ही फोटो छापतो. मीही छापलेत.

आता कागद काय म्हणतो ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुंतागुंत नसलेल्या बाईला सतत मशीन लावू नका. अभ्यासांत दिसलं ते असं: मशीनने बाळाला येणारे झटके कमी होतात, पण मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचं दिसत नाही. सिझर मात्र वाढतात. त्यापेक्षा साध्या डॉपलरने नाहीतर नळीने ऐका. कळा जोरात सुरू झाल्या की दर १५ ते ३० मिनिटांनी, बाई जोर करू लागली की दर ५ मिनिटांनी. दर वेळी निदान एक मिनिट.

छान. ऐकणार कोण?

रात्रीची ड्युटी. सिस्टर एक, कळा देणाऱ्या बाया तीन. एक टेबलावर आली की दर ५ मिनिटांनी तिचेच ठोके. बाकी दोघींनी काय करायचं? माझ्या बहिणीच्या वेळी (दवाखान्याचं नाव घेत नाही) रात्रभर बाकावर बसून मी हेच पाहिलं. सकाळी केसपेपरवर मात्र दर अर्ध्या तासाचे ठोके होते. सगळे १४०, एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेले. त्या सिस्टरचा मला राग नाही आला. तिने कागदाचं पोट भरलं, दुसरं करणार काय होती?

मार्गदर्शक सूचना चांगल्या की वाईट हे तपासायची ‘ॲग्री-२’ नावाची मोजपट्टी आहे, २३ मुद्द्यांची. त्यात हेही पाहतात की सूचना राबवायला लागणाऱ्या माणसा-पैशाचा विचार केला का, रुग्णांचं म्हणणं घेतलं का. लेबर रूममधल्या तक्त्यांना या दोन मुद्द्यांवर मी तरी पास करणार नाही. केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम डिसेंबर २०१७ मध्ये लेबर रूम सुधारायलाच आला. तक्ते लागले, रात्रीची दुसरी सिस्टर कुठाय भाऊ?

म्हणून यापुढे मशीनच्या फोटोसोबत मी रात्रीच्या सिस्टरांचा आकडाही छापणार. ड्युटी चार्ट दर महिन्याला बाहेर भिंतीवर लावा, असा अर्ज लिहिलाय. सही करायची असेल त्यांनी उद्या ११ वाजता बसस्टँडवर भेटा. बाया आल्या तर जास्त बरं.